मदत हवी आहे: मधलं पद फोडल्यावर दोन्हीकडे तोच कंस कसा काय येतो?

भाचा नववीत आहे. बहुपदीचे अवयव पाडायची रीत त्याला तोंडपाठ आहे, पण परवा त्याने जे विचारलं त्यावर मी गप्पच झाले. (एक्सच्या जागी क्ष लिहिते आहे.)

६क्ष² + ७क्ष − २०
गुणाकार −१२०, बेरीज ७; म्हणून जोडी १५ आणि −८.
= ६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २०
= ३क्ष(२क्ष + ५) − ४(२क्ष + ५)
= (२क्ष + ५)(३क्ष − ४)

त्याचं म्हणणं, ६ ने −२० ला गुणायचंच कशाला? आणि दुसऱ्या जोडीतही नेमका (२क्ष + ५) निघणार याची खात्री कोण देतं? "असंच करतात" हे उत्तर त्याला चालत नाही. खरं तर मलाही नाही.

शिवाय क्लासच्या झेरॉक्सवर ६क्ष² + ७क्ष − १२ आहे. −७२ च्या सगळ्या जोड्या मांडल्या, बेरीज ७ काही येईना.

प्रतिसाद १
झेरॉक्सचं आधी सांगतो. मधल्या सहगुणकाच्या वर्गातून ४ × पहिला × शेवटचा वजा करा. ४९ + २८८ = ३३७, पूर्ण वर्ग नाही. म्हणजे पूर्णांकांत अवयव पडणारच नाहीत, उगाच जोड्या शोधू नका. तुमच्या पहिल्या उदाहरणात ४९ + ४८० = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग. शेवटी −१० असेल तर २८९ येतात, १७ चा वर्ग; जोडी १२ आणि −५. बहुतेक छापताना घोळ झालाय, सरांना विचारा.

प्रतिसाद २
पोरगं हुशार आहे! त्याला उलटं करायला लावा. (३क्ष − ४)(२क्ष + ५) गुणा, पण मधली पदं एकत्र करू नका. १५ आले ३ × ५ मधून, −८ आले −४ × २ मधून. दोघांचा गुणाकार केला की ३, ५, −४, २ हे चारही आकडे आले. आता ६ × (−२०) बघा: (३ × २) × (−४ × ५). तेच चार! म्हणून जोडीचा गुणाकार −१२० च हवा.

कंसाचंही त्यातच आहे. ६ × (−२०) = १५ × (−८), म्हणजे ६ : १५ आणि −८ : −२० ही गुणोत्तरं सारखी. दोन्ही २ : ५. मग कंस वेगळा येईल कसा? मधली पदं अदलाबदल करून मांडा, २क्ष(३क्ष − ४) + ५(३क्ष − ४), उत्तर तेच.

धागाकर्ती
गुणोत्तर म्हटल्यावर लगेच पटलं त्याला. आभार! फक्त −८क्ष − २० मधून −४ बाहेर काढताना तो आत (२क्ष − ५) लिहितो.

प्रतिसाद २
सगळेच लिहितात. कंस जुळले नाहीत की पुढची ओळ लिहायची नाही, आधी चिन्ह तपासायचं.