ट्रॅव्हल बग उचललाय, आता पुढे काय?

म्युनिककर: काल जिओकॅशिंग (जीपीएसवरून लपवलेले डबे शोधायचा खेळ) करताना इझार नदीकाठच्या एका कॅशमध्ये, म्हणजे अशाच डब्यात, ट्रॅव्हल बग (कोड असलेला, एका कॅशमधून दुसऱ्यात फिरवायचा बिल्ला) मिळाला, बिल्ल्याला छोटं प्लास्टिकचं कासव लटकवलंय. माझ्याकडे बदल्यात ठेवायला काहीच नव्हतं तरी उचलला, चुकलं का? आणि डिसेंबरात पुण्याला जातोय, तोवर ठेवू का?

खडकवासला_८२: चुकलं नाही रे, बदल्यात वस्तू ठेवायची ती साध्या खेळण्यांसाठी, ट्रॅकेबलला (अशा कोडवाल्या वस्तूला) तो नियम नाही. पण आधी त्या बगच्या ऑनलाइन पेजवर जाऊन मालकाने काय ध्येय लिहिलंय ते वाच, त्याला आल्प्समध्येच फिरवायचं असेल तर पुण्याला नेऊन उपयोग काय! साधारण दोन आठवड्यांत पुढे सोडतात, जास्त लागणार असेल तर सरळ मेसेज टाक, बहुतेक जण हो म्हणतात.

टपरीवाला: आणि बिल्ल्यावरच्या कोडचा फोटो चुकूनही कुठे टाकू नको, लोक घरबसल्या खोटे लॉग (‘मला मिळाला’ अशा ऑनलाइन नोंदी) मारतात. माझं एक ट्रॅकेबल नाणं असंच कोणीतरी खिशात घातलं, लॉग नाही काही नाही, तीन वर्षं झाली, बसलोय वाट बघत.

म्युनिककर: अरे बापरे, लॉग करायचाच राहिलाय, आत्ताच करतो. ध्येय बघितलं, ‘समुद्र दाखवा’ लिहिलंय! मालकाला विचारतो, हो म्हणाला तर पुण्याहून अलिबागला नेईन.

खडकवासला_८२: भारीच! फक्त फिल्मच्या डबीएवढ्या कॅशमध्ये कोंबू नको म्हणजे झालं.