आरशात न दिसणारी जागा: आपापले अनुभव लिहा

खाडीपलीकडे
परवा हातखंब्याजवळ चौपदरी रस्त्यावर पुढची मोटार डावीकडे सरकू लागली. तिच्या मागच्या दरवाजालगत एक दुचाकीस्वार होता आणि त्याने वेळेवर हॉर्न वाजवला म्हणूनच अनर्थ टळला. ते पाहून वडिलांनी गाडी शिकवली तो दिवस आठवला. त्यांनी मला अंगणात उभ्या गाडीत बसवले, स्वतः गाडीभोवती सावकाश चालू लागले आणि आरशातून ते कुठे दिसेनासे होतात ते मला सांगायला लावले. डाव्या बाजूला, मागच्या चाकापासून थोडे बाहेर, उंचापुरा माणूस पूर्णपणे नाहीसा झाला. जुन्या दुपदरी मुंबई-गोवा महामार्गावर मुख्य धोका समोरून येत असे, त्यामुळे आपली नजर समोरच तयार झाली. रुंद रस्त्यावर तो शेजारून येतो आणि त्या सवयीचा तिथे उपयोग होत नाही, असे मला वाटते. आपल्याला ब्लाइंड स्पॉट कुठे आणि कसा कळला, ते कृपया लिहावे.

एसटीतून निवृत्त
मोठ्या गाडीच्या चालकाच्या बाजूने लिहितो. चालक उजवीकडे बसतो, म्हणून डावी बाजू त्याला सर्वांत कमी दिसते. डाव्या दरवाजाखालची जागा, नाकासमोरची काही फुटांची जागा आणि गाडीच्या थेट मागची जागा या तिन्ही ठिकाणी उभा असलेला माणूस दिसत नाही. त्यात लांब गाडी वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला कापत येतात. चिऱ्यांनी भरलेला ट्रक डावीकडे वळण्यासाठी आधी किंचित उजवीकडे जातो, तेव्हा डावीकडे मोकळी जागा झाली असे समजून दुचाकीवाले आत शिरतात. ती जागा पुढच्याच क्षणी बंद होते. ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, एवढे प्रत्येकाने मुलांना शिकवावे. स्थानकात बस मागे घेताना वाहक खाली उतरून उभा राहतो, तो याच कारणासाठी.

दापोलीची लेक
काका, चेहऱ्याची ही खूण आजच माझ्या भावाला सांगितली. तो रोज हर्णैहून दुचाकीने येतो आणि रस्त्यात मासळीच्या टेम्पोंची रांग असते.

एसटीतून निवृत्त
फार चांगले केलेत, ताई. टेम्पोला शक्यतो उजवीकडूनच ओलांडायला सांगा आणि त्याच्या बाजूला रेंगाळू नये, हेही सांगा.

गुहागरकर
आमच्याकडे गणपतीत खळ्यात चाकरमान्यांच्या गाड्या दाटीने उभ्या असतात आणि मुले त्यांच्याच मागे खेळतात. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. तरीही चिखलाने माखलेला सेन्सर किंवा पावसाचे थेंब साचलेला कॅमेरा यांच्या भरवशावर गाडी मागे घेऊ नये, कारण बसलेले लहान मूल मागच्या काचेच्या पातळीच्या बरेच खाली असते. आमच्या घरी नियमच आहे की कोणतीही गाडी हलण्यापूर्वी आजी सर्व मुलांना पडवीत बोलावते आणि तिने हात वर केल्यावरच किल्ली फिरते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवरही मागे पाहणारा माणूस खाली उतरलेला असावा, कारण तिथे लोक गाड्यांमधूनच चालत असतात.

घाटवाट
सगळे आरशांबद्दल लिहीत आहेत, पण समोरच्या काचेलगतचा खांब विसरू नये. आपण उजवीकडे बसत असल्याने उजवा खांब डोळ्यांच्या अधिक जवळ असतो आणि जास्त दृश्य झाकतो. कुंभार्ली घाटात उजव्या वळणावर नेमके त्याच दिशेला पाहावे लागते. समोरून येणारी दुचाकी आपल्या वळण्याच्या गतीशी जुळून सरकत असेल, तर ती बराच वेळ खांबाआडच राहते आणि रस्ता रिकामा भासतो. उपाय साधा आहे: वळणापूर्वी कमरेतून थोडे पुढे वाकावे, मग मागे यावे, म्हणजे खांबाआडचे उघडे पडते. माझी पत्नी शेजारी बसून हे करते आणि डाव्या खांबामागचे मला सांगते.

हापूसवाला
हंगामात मागच्या सीटवर आंब्याच्या पेट्या छतापर्यंत रचल्या की आतला आरसा निकामी होतो. मी पेट्या काचेच्या खालच्या कडेपर्यंतच रचतो. उरलेल्या दुसऱ्या खेपेला नेल्या, तरी आंबा तेवढ्याने पिकून जात नाही.

घाटवाट
हापूसवाले दादा, यंदा पेटी पाठवणार असाल तर कळवा. पावसाळ्याचेही एक सांगायचे राहिले. बाहेरचे आरसे थेंबांनी भरतात आणि बाजूच्या काचा आतून धुरकटतात, म्हणून मी कोरडे फडके दरवाजाच्या खणात ठेवतो आणि एसी चालू ठेवून काच स्वच्छ राखतो. घाटवळणावरचे बहिर्वक्र आरसे श्रावणात वेलींनी झाकले जातात. जवळ राहणाऱ्यांनी ते मोकळे केले तर अनेकांचे भले होईल.

दापोलीची लेक
आरसे नेमके कसे लावावेत, हे कोणी सविस्तर सांगेल का? मला आरशात माझ्या गाडीचे दरवाजेच जास्त दिसतात.

खाडीपलीकडे
ताई, म्हणजे ते फार आत वळलेले आहेत. डोके उजव्या काचेला टेकवून उजवा आरसा इतका बाहेर वळवावा की गाडीची कडा जेमतेम दिसेल. मग डोके दोन्ही सीटच्या मध्यावर नेऊन डावा आरसा तसाच लावावा. सरळ बसल्यावर आपली गाडी दिसणार नाही, ते योग्यच आहे. बाजूचे बहिर्वक्र आरसे मागची गाडी दूर असल्यासारखी दाखवतात, म्हणून अंतराचा अंदाज आतल्या आरशातून घ्यावा. त्यानंतरही मार्गिका बदलण्यापूर्वी खांद्यावरून एक नजर टाकावीच, पण ती क्षणभराचीच असावी, कारण ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. रविवारी अंगणात कोणाला तरी गाडीभोवती चालायला सांगून तपासा आणि नंतर इथे कळवा.