कोह ताओला दोघांनी मिळून डाइव्हमास्टर ते इन्स्ट्रक्टर: रोजचा दिवस कसा बसवायचा?

चालते_पाय
नमस्कार मंडळी. आम्ही नवराबायको, मूळ पुण्याचे, सध्या थायलंडमध्ये फिरतोय. दोघंही पाडी या स्कूबा डाइव्हिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचे रेस्क्यू डायव्हर (डाइव्हमास्टरच्या खालची पातळी) आहोत. माझ्या ४८ डाइव्ह झाल्यात, हिच्या ५२. फेब्रुवारीत कोह ताओ बेटावर खोली घेऊन आधी डाइव्हमास्टर (गट पाण्याखाली नेणारा मार्गदर्शक), मग एप्रिलअखेर आयडीसी (इन्स्ट्रक्टर व्हायचा कोर्स) आणि लगेच आयई (त्याची परीक्षा), असा बेत आहे. विचारायचं ते असं:
१) त्या तीन महिन्यांत दिवस नेमका कसा जातो? अभ्यासाला वेळ उरतो का?
२) दोघांनी एकाच तुकडीत राहावं की वेगळं?
३) खर्च वाचवायला दोघांत एकच डाइव्ह कॉम्प्युटर आणि एकच रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं यंत्र) चालेल का?
४) हिचे कान जरा नाजूक आहेत. रोज पाण्यात उतरणं झेपेल का?

खोलपाणी
आधी आकडे जुळवून घ्या. डाइव्हमास्टर सुरू करायला ४० डाइव्ह लागतात, पूर्ण करायला ६० आणि आयईला बसायला १००. म्हणजे आयईपर्यंत तुमच्या ५२ बाकी, ताईंच्या ४८. आयडीसीला बसताना ओपन वॉटरचं (पहिल्या पातळीचं) कार्ड मिळून सहा महिने झालेले हवेत. डॉक्टरांच्या सहीचा वैद्यकीय दाखला बारा महिन्यांच्या आतला लागतो. इमर्जन्सी फर्स्ट रिस्पॉन्सचं (प्रथमोपचाराचं) इन्स्ट्रक्टर कार्डही लागतं. ते बहुतेक ठिकाणी आयडीसीला जोडूनच करून घेतात, पण त्याचे पैसे वेगळे. आयईची फी आणि नोंदणीची फी थेट पाडीला भरायची असते. डाइव्हिंग शिकवणाऱ्या दुकानाने सांगितलेल्या आकड्यात ती धरलेली आहे का, हे लेखी विचारा. बजेट कोलमडतं ते इथेच.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला निवडलात. तिथला जोराचा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात असतो. तेव्हा बोटी रद्द होतात आणि पाणी गढूळ होतं.

डाइव्हमास्टरचा दिवस साधारण असा: सकाळी सहा-साडेसहाला दुकानात हजर, टाक्या मोजून गाडीत, प्रत्येक टाकीचा दाब तपासायचा, मग बोट. दोन डाइव्ह करून अकराच्या सुमारास परत. सामान धुणं, जेवण, आणि दुपारच्या बोटीवर पुन्हा दोन. चारही डाइव्ह रोज करू नका. आठवड्यातून चार दिवस दोन-दोन डाइव्ह केल्या तर सहा-सात आठवड्यांत ५२ होतात आणि दुपार अभ्यासाला मोकळी राहते. रोज चार करणारे तिसऱ्या आठवड्यात सर्दीने किंवा कानाने बसून राहतात.

डाइव्हमास्टरच्या पोहण्याच्या चाचण्यांचा सराव मात्र आजपासून. ४०० मीटर बिनसाधनाचं पोहणं, ८०० मीटर मास्क-स्नॉर्कल-फिन्स लावून हात न वापरता, १०० मीटर दुसऱ्या डायव्हरला ओढत नेणं, आणि १५ मिनिटं जागच्या जागी तरंगणं, त्यात शेवटची दोन मिनिटं हात पाण्याबाहेर. ४०० मीटरला साडेसहा मिनिटांच्या आत पाच गुण, ८:४० पर्यंत चार, १०:५० पर्यंत तीन. पंचवीस मीटरच्या तलावात सोळा फेऱ्या झाल्या. बहुतेकांची दमछाक पहिल्या चार फेऱ्या जोरात मारल्यामुळे होते. ८०० मीटरला पोटऱ्यांत गोळे येतात. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखी लाथ मारली की हमखास. लाथ कमरेतून यायला हवी.

निळी_वही
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आयडीसी एकत्र करा, पण एकमेकांचे बडी (पाण्यातले जोडीदार) होऊ नका. निदान अर्ध्या डाइव्ह तरी दुसऱ्या कुणाबरोबर. नवराबायकोंच्या जोडीत एक जण नकाशा ठेवतो, हवा विचारतो, बोटीकडे वळवतो. दुसरा नुसता मागे असतो. मजेच्या डाइव्हला ते चालून जातं. डाइव्हमास्टरला नकाशा काढायचा, गट पुढे न्यायचा, वेळेत सगळ्यांना बोटीखाली आणायचं, आणि हे प्रत्येकाला एकट्याने जमावं लागतं. कोह ताओच्या ट्विन्ससारख्या उथळ साइटवर तुम्ही दोघंही वेगवेगळ्या गटांत पुढे राहून बघा. कोण कशावर टेकून होतं ते दोन दिवसांत कळतं.

आणखी एक. शिकवण्याच्या सरावात बाकीचे उमेदवार विद्यार्थी होतात आणि त्यांना ठरवून चुका दिलेल्या असतात. आपल्या माणसाची चूक आपण नकळत आधीच ओळखतो, किंवा तो हळूच इशारा करतो. असा सराव फुकट जातो. गट पाडताना कोर्स डायरेक्टरला (आयडीसी घेणाऱ्याला) सरळ सांगा की आम्हाला वेगळं ठेवा.

आता कौशल्यं दाखवण्याविषयी, कारण गुण जातात ते तिथे. तुम्हाला ते येतं की नाही हे कुणी बघत नाही; नवख्याला बघून कळेल का, हे बघतात. रेग्युलेटर परत घेण्याचं कौशल्य घ्या. रेग्युलेटर हातात धरून बोटाने दाखवा, एक श्वास घ्या, मग काढा. काढल्या क्षणापासून ओठांतून बारीक बुडबुड्यांची माळ सुटलीच पाहिजे. उजवा खांदा खाली, हात मांडीला घासत मागे, कोपर सरळ, मोठं वर्तुळ करत पुढे. होझ (रेग्युलेटरची नळी) हातात आली की थांबा, रेग्युलेटर तोंडात घाला, पर्ज करा (बटण दाबून आतलं पाणी काढा) किंवा जोरात फुंका, दोन श्वास, ओके. हाताकडे लक्ष गेलं की बुडबुडे थांबतात. तिथे श्वास रोखल्याची नोंद होते आणि बाकी कितीही सुरेख केलं तरी ते कौशल्य गेलं.

उथळ पाण्यात शिकवताना सगळ्यात जास्त चुकतं ते पाठ फिरवणं. दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळलात की पहिला वर तरंगत निघतो, आणि नेमकी हीच चूक त्याला दिलेली असते. एक हात पहिल्याच्या बीसीडीजवळ (हवा भरायच्या जाकिटाजवळ) ठेवूनच वळा.

आयईला बहुधा दोन दिवस. थिअरीचे पाच विषय, प्रत्येकाला ७५ टक्के. नियमांचा पेपर पुस्तक उघडं ठेवून, पण पान कुठलं ते माहीत नसेल तर पुस्तकाचा उपयोग नाही. फिजिक्समध्ये एक प्रकार येतोच: २०० किलोची वस्तू समुद्रात २० मीटरवर आहे, ती १०० लिटर पाणी बाजूला सारते, उचलायला किती हवा? समुद्राचं पाणी लिटरला १.०३ किलो, म्हणून वरचा रेटा १०३ किलो. उरले ९७. त्याला १.०३ ने भागा: ९४.२ लिटर. ही हवा २० मीटरवरची. ती पृष्ठभागावरून किती न्यावी असं विचारलं असेल तर तिथला दाब तीन बार, म्हणून तिप्पट, सुमारे २८३ लिटर. घाईत लोक गोड्या पाण्याचा एक धरतात, नाहीतर शेवटचा गुणाकार विसरतात. रोज रात्री असं एकेक उदाहरण दोघांनी एकमेकांना घाला. अभ्यासात जोडीचा खरा फायदा हा.

चालते_पाय
फार उपयोगी, दोघांचेही आभार. कान आणि सामानाचं कुणी सांगेल का? ही सर्दीवरची गोळी घेऊन उतरायचं म्हणतेय.

दर्याकाठ
ताईंना ती गोळी घेऊन उतरू देऊ नका. गोळीचा असर खाली असतानाच ओसरला तर वर येताना हवा सायनसमध्ये किंवा कानात अडकते. खाली जाताना कान अडला तर वर परतता येतं. वर येताना अडला तर टाकीतली हवा संपेपर्यंतच वेळ असतो. सर्दी असेल त्या दिवशी बोटीवर थांबून टाक्या बदला, ब्रीफिंगची टिपणं घ्या. तोही दिवस शिकण्यातच जातो.

दिवसभर तलावात राहण्याने कानांना समुद्रापेक्षा जास्त त्रास होतो. दाबातला सगळ्यात मोठा बदल पहिल्या काही मीटरमध्ये असतो, आणि आयडीसीत तीन मीटरवर दिवसातून तीस-चाळीस वेळा वरखाली होतं. उतरण्याआधी पृष्ठभागावरच कान मोकळे करा, मग दर हातभर खोलीला पुन्हा. दुखायची वाट बघू नये.

दुसरा त्रास बाहेरच्या कानाचा. कायम ओल्या राहिलेल्या कातडीला सूज येते, कानाची पाळी ओढली की कळ जाते. उपाय: पांढरं व्हिनेगर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं-निम्मं. सकाळी उतरण्याआधी आणि संध्याकाळी शेवटच्या डाइव्हनंतर. डोकं कलतं ठेवून एका कानात पाच मिनिटं, मग दुसऱ्या. पडद्याला भोक असेल किंवा दुखणं सुरू झालेलं असेल तर हे घालू नका, डॉक्टर गाठा. कापसाच्या काड्या तर सामानातच ठेवू नका. त्या कानातला मळ काढून टाकतात आणि तो मळच कातडीचं रक्षण करत असतो. निघण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडून पडदे तपासून घ्या, तुमचेही.

कॉम्प्युटर दोघांत एक अजिबात नाही. तो घालणाऱ्याच्या अंगातल्या नायट्रोजनचा हिशेब ठेवतो. सकाळी तुम्ही, दुपारी ताई, असं केलं तर त्यातला आकडा कुणाचाच खरा नाही. मास्क, फिन्स, ३ मिमीचा सूट, कॉम्प्युटर, सिग्नलचा फुगा आणि शिट्टी प्रत्येकाची स्वतःची. रेग्युलेटर-बीसीडी डाइव्हमास्टरपर्यंत दुकानाचं वापरा, स्वतःचं आयडीसीच्या आधी घ्या. तिथे टाक्यांवर बहुतेक योक (शिकंज्यासारखी) जोडणी असते. डिन (आट्यांनी बसणारा) रेग्युलेटर घेतलात तर अडॅप्टर सोबत ठेवा. डब्यात ओ-रिंगा, सिलिकॉन ग्रीस, एक फिनचा पट्टा, एक मास्कचा पट्टा, माउथपीस आणि त्याला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या.

रेग्युलेटर धुताना पहिल्या स्टेजची (टाकीवर बसणाऱ्या भागाची) टोपी आधी टाकीच्या हवेने किंवा फडक्याने कोरडी करा, घट्ट बसवा, मगच गोड्या पाण्यात बुडवा. बुडवलेलं असताना पर्जचं बटण दाबू नका. व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होझमधून पहिल्या स्टेजपर्यंत जातं.

खोलपाणी
राहण्याचं एवढंच: खोली बघताना बाल्कनीत वारा आहे का ते बघा, नाहीतर दोन सूट सकाळपर्यंत ओले राहतात. साइरी भागात सगळं जवळ पण रात्री गोंगाट; चालोक बान काओचा भाग शांत. शाकाहारी असाल तर ‘किन जे’ म्हणा, त्यात माशाची चटणीही येत नाही. नुसतं भाजीचं मागितलं तर ‘नाम प्ला’, म्हणजे तीच माशाची चटणी, पडतेच. शिकणं वेगळं आणि काम वेगळं: तिथे बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं, हे दुकान काही म्हणालं तरी लक्षात ठेवा. आणि आयई संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान काढू नका. रोज डाइव्ह करत असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास.