मदत हवी आहे: मून कॅक्टसचा खालचा दांडा मऊ पडलाय

मंडळी, माझ्या छोट्या मून कॅक्टसचा (हिरव्या निवडुंगावर कलम केलेला रंगीत निवडुंग) वरचा लाल गोळा अजून मस्त टणक आहे, पण खालचा हिरवा तीनधारी दांडा मातीलगत तपकिरी पडलाय, बोटाने दाबलं की आत जातो, आणि माती तर ठणठणीत कोरडी आहे. लाल भागात हरितद्रव्य नसतं, तो दांड्याच्याच जिवावर जगतो, म्हणजे दांडा गेला की तोही जाणार ना? मग आत्ताच लाल गोळा कापून दुसऱ्या निवडुंगावर कलम करू, की दांडा वरच्या चांगल्या हिरव्या भागात कापून, काप नीट सुकवून परत वाळूमिश्रित मातीत लावला तर मुळं फुटतील? कलम केलं तर जोड घट्ट धरायला लावलेला रबरबँड किती दिवस ठेवायचा? कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज लवकर सांगा, फार जीव आहे माझा त्याच्यावर.