मदत हवी आहे: जुन्या जिप्सीला दोन इंची लिफ्ट किट बसवावं का?

जांभामाळ

नमस्कार मंडळी. गाडी 2005 ची जिप्सी किंग, एमपीएफआय पेट्रोल, सॉफ्ट टॉप. पाटण तालुक्यात आमचं शेत डांबरी रस्ता सोडून बरंच आत आहे. वाट ट्रॅक्टरनं पाडलेली. पावसाळ्यात चाकोऱ्या इतक्या खोल होतात की मधल्या उंचवट्याला गाडी खालून घासते, आणि त्या उंचवट्यात जांभ्याचे धोंडे. शिवाय गाडी मागून डावीकडे बसल्यासारखी दिसते.

चार पाटे (कमानीसारख्या पट्ट्यांची स्प्रिंग), चार शॉकअप, यू-बोल्ट आणि बुश असा गाडी दोन इंच उचलणारा लिफ्ट किटचा संच मिळतोय. एक गॅरेजवाला म्हणतो, किटवर पैसे कशाला घालता, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) टाकून देतो, एका दुपारचं काम. दुसरा म्हणतो, करायचंच तर पाटे ॲक्सलच्या वर घ्या, चांगली पाच इंच उचलेल. दोघेही ठामपणे बोलतात, त्यामुळे मी अजूनच गोंधळलोय.

किट घेतलं तर ब्रेकचे होज (तेलाच्या रबरी नळ्या) आणि प्रोपेलर शाफ्टही (ॲक्सलला ताकद पोचवणारे दांडे) बदलावे लागतात का? चुलतभावाचं वेल्डिंगचं दुकान आहे, जॅक, घोड्या, पाने सगळं आहे, तर घरी बसवणं जमेल का? आणि आरटीओचं काय? री-पासिंग झालंय, पण पुढच्या वेळी अडकायला नको.

चारचाकी_चिखल

आधी एक सांगा, घासतं काय? डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचा गिअरचा फुगीर भाग), ट्रान्सफर केसखालचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीखालचा) क्रॉस मेंबर, म्हणजे चासीची आडवी पट्टी, की सायलेन्सर? हे कळल्याशिवाय पाच पैसे खर्च करू नका.

लिफ्टनं चासी आणि बॉडी वर जाते. ॲक्सल चाकांना धरून असतो, तो आहे तिथेच राहतो. गोळा घासत असेल तर दोन काय, पाच इंच उचला, तो तसाच घासणार. त्याला वर नेणारी एकच गोष्ट म्हणजे मोठा टायर. तुमचा 205/70 आर 15 साधारण 668 मिमी व्यासाचा. 215/75 घातला तर 703, म्हणजे गोळा 18 मिमी वर. 235/75 घातला तर 733, म्हणजे जवळपास 33 मिमी. 235 साठी मात्र बॉडी उचलावी लागते, नाहीतर चाक वळवताना आणि आडवंतिडवं चढताना मडगार्डला लागतं. लिफ्टचा खरा उपयोग एवढाच: चासीखालचे भाग वर जाणं, मोठ्या टायरला जागा, आणि चढउतारावर पुढचं-मागचं टोक न टेकणं.

काय घासतंय ते बघायला सोपी युक्ती: गोळा, क्रॉस मेंबर, सायलेन्सर, सगळ्याला ओला चुना फासा, वाळू द्या आणि एकदा शेतावर जाऊन या. चुना जिथे खरवडला जाईल तिथे उत्तर.

कमानपाटा

वरच्यांशी सहमत. शॅकलबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण हे "एका दुपारचं काम" अनेकांना महागात पडतं.

शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतं, म्हणून ते दोन इंच लांब केलं तर गाडी जेमतेम एक इंच उचलते. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला. ते लांब झालं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं आणि अख्खा ॲक्सल पुढे कलंडतो. त्यात कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, कमी होतो. मग हायवेवर गाडी सरळ धरत नाही, स्टिअरिंग वळणानंतर आपणहून परत येत नाही. पाट्याखाली पाचर मारून कॅस्टर परत आणता येतो, पण मग डिफरन्शियलचं नाक खाली जातं आणि पुढच्या शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) कोन वाढतो.

पाटे ॲक्सलच्या वर घेणं हे तर वेगळंच प्रकरण. जिप्सीत पाटा ॲक्सलच्या खालून जातो. तो वर घ्यायचा तर ॲक्सलवर नव्या बैठका वेल्ड करायच्या, पिनियनचा (शाफ्ट जोडला जातो त्या डिफरन्शियलच्या गिअरचा) कोन ठरवायचा, शाफ्ट लांब करायचे. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणारा दांडा) पाट्याला आडवी येते, तिची सोय वेगळी. शिवाय जोरात रेस दिली की पाटा इंग्रजी एससारखा पिळवटतो. 1540 मिमी रुंदीची अरुंद गाडी, तिला पाच इंच उचलून घाटात वळणार? दगडांवर खेळणाऱ्यांसाठी ठीक आहे. शेतावर खताची पोती नेणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

दुसरं म्हणजे गाडी डावीकडे बसलीय म्हणताय. सपाट जागी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा. वीस वर्षांच्या पाट्यांची कमान उतरलेली असते. कदाचित तुम्ही ज्याला लिफ्ट म्हणताय त्यातला बराच भाग ही गमावलेली उंचीच असेल. पाटेवाल्याकडून कमान घालून, नीट पाणी देऊन (तापवून कडक करून) घेतलं तर चालतं. नुसतं थंडच ठोकून दिलं तर पुन्हा बसणार. जादा पाटा घालू नका, जिप्सी आधीच कंबर मोडते.

घोडीवर_गाडी

घरी बसवण्याबद्दल. जमतं, पण वेळ पाट्यात जात नाही, गंजात जातो. शॅकलचे आणि पाट्याच्या दुसऱ्या टोकाचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवायचं तेल सोडा. तरी नाही निघाले तर कापावेच लागतात, म्हणून नवे बोल्ट आधीच आणून ठेवा.

घोड्या चासीखाली लावा आणि जॅक ॲक्सलखाली. एका वेळी एकाच बाजूचा पाटा काढा, म्हणजे ॲक्सल जागचा हलत नाही. पाट्याचा सेंटर बोल्ट बैठकीच्या भोकात बरोबर बसलाय हे हात लावून बघा. यू-बोल्ट नवेच घ्या आणि आलटूनपालटून आवळा, एक पूर्ण आणि मग दुसरा असं नाही. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हातानं लावा. चाकं जमिनीवर टेकून पूर्ण वजन आल्यावरच आवळायचे. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. थोडी गाडी चालवून झाली की यू-बोल्ट पुन्हा तपासा.

होज बदलायचे की नाही हे किटवर नाही, ॲक्सल पूर्ण लटकवल्यावर कळतं. ॲक्सल खाली सोडा, चाक दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि होज ताणला जातो का बघा. ताणला तर लांब होज, तिथे तडजोड नाही. त्याच वेळी शाफ्टचा सरकता भाग किती आत उरलाय तेही पाहा. शेवटी ड्रॅग लिंक लांबवून स्टिअरिंग मध्यावर आणा आणि अलाइनमेंट करून घ्या.

घाटमाथा

आरटीओचं: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हींचा रोख एकच, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल नको. तुमची गाडी पंधरा वर्षांपुढची, दर पाच वर्षांनी तपासणीला उभी राहणार. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. मूळ मापाचे नवे पाटे ही दुरुस्ती झाली, पाच इंच उंची हा बदल झाला. मधलं काय ते तुम्ही ठरवा.

जांभामाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. चुना फासून शेतावर जाऊन आलो. मागच्या गोळ्यावरचा चुना पार खरवडून गेलेला, क्रॉस मेंबरवर एक ओरखडा, सायलेन्सर जसाच्या तसा. उंची मोजली तर मागची डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर खाली.

तेव्हा किट रद्द. मूळ मापाचे पाटे, बुश, शॉकअप नवे टाकतो आणि 215/75 घेतो. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा खरा वेग 84 असेल, ते लक्षात ठेवीन. एकच राहिलं: पूर्ण वळवल्यावर 215 पुढच्या पाट्याला लागतो का?

कमानपाटा

रिमवर अवलंबून आहे. लागलाच तर नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) चाक अडवणारा बोल्ट असतो, तो थोडा बाहेर काढून लॉक नट आवळा. वळायला जागा जरा जास्त लागेल, बाकी काही नाही. स्टेपनीही त्याच मापाची घ्या. फोर बाय फोर लावल्यावर वेगळ्या मापाचं चाक चालत नाही.