मदत हवी आहे: 1/72 हरिकेनवरचे लाल गोल खालचा रंग न उखडता कसे काढू?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, तोही पुरता अडलो म्हणून.

1/72 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, हॉकर हरिकेन मार्क 2सी या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं मॉडेल बनवलंय. वायुदलाच्या 1 नंबर स्क्वाड्रनचं, इम्फाळ, 1944. तेव्हा स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग या तुकडीचे प्रमुख होते. समोरच्या बिल्डिंगमधले काका वायुदलात एअरफ्रेम फिटर होते. 8 ऑक्टोबरला, वायुदल दिनी, त्यांना हे द्यायचा बेत आहे. त्यांच्या शोकेसमध्ये मिग आहे, नॅट आहे, हरिकेन नाही. पितळी पाटीसुद्धा कोरून घेतली: 'रॉयल इंडियन एअर फोर्स, इम्फाळ 1944'.

काम तसं बरं झालं होतं. हरिकेनच्या कॉकपिटमागे लाकडी पट्ट्यांवर कापड ताणलेलं असायचं. किटमध्ये त्या पट्ट्या इतक्या वर आलेल्या की उपाशी कुत्र्याच्या बरगड्या वाटाव्यात. दोन संध्याकाळी ओल्या 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्या दबवल्या. वरून डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, पोटाला मीडियम सी ग्रे. मग खोक्यातले डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) लावले, मॅट वार्निश मारलं आणि वाळायला ठेवलं.

नेमके त्याच दिवशी काका साखर मागायला आले. सरप्राइज तिथेच संपलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मॉडेल डोळ्याजवळ नेलं, खाली-वर करून बघितलं आणि म्हणाले, "सुंदर आहे रे. पण हे इम्फाळला पोचायच्या आधी आपल्याच लोकांनी पाडलं असतं."

खोक्यातले डिकल युरोपातल्या विमानाचे होते. पंखांवर निळ्या गोलात लाल ठिपका, अंगावर पिवळ्या कडेचे लाल-पांढरे-निळे गोल. जपानी विमानांवर लाल सूर्य. आकाशात क्षणभर लाल दिसला की खालचा तोफवाला विचार करत बसत नाही. म्हणून ब्रह्मदेशच्या आघाडीवर लाल रंगच काढून टाकला होता, गडद निळा आणि आत फिकट निळा एवढंच ठेवलं होतं. अमेरिकनांनीही मे 1942 मध्ये त्यांच्या ताऱ्यातला लाल ठिपका याच कारणाने काढला. मी सहा महिने वाचत होतो, पण सगळं इंजिन आणि तोफांबद्दल. गोलांकडे लक्षच गेलं नाही.

तर आता अडचणी अशा.

डिकल वार्निशखाली अडकलेत. एका टोकाला नख लावून बघितलं तर खालचा हिरवा रंगही सुटू लागला. शिवाय डिकलखाली हवा राहिल्यामुळे कडेला चंदेरी झाक आली आहे, ती वेगळीच. दुसरं, दोन निळ्यांचे गोल आणायचे कुठून? बाहेरून मागवले तर 8 तारखेच्या आत येणार नाहीत. तिसरं, एका फोटोत अशाच हरिकेनच्या पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे दिसले, ते मारायचे का?

आणि हो, उजव्या पंखावर वार्निश दुधाळ झालंय. गेले चार दिवस इथे पाऊस थांबलेला नाही. घरात थिनरच्या वासावरून वातावरण तापलेलं आहे, त्यामुळे कमी वासाचे उपाय आधी सुचवा.

जुना बोका: पट्टे मारू नका. ते पांढरे पट्टे 1945 च्या सुरुवातीचे आहेत. गडद रंगाच्या विमानांवर पांढरे, बिनरंगी चकाकत्या विमानांवर गडद निळे. तुमचा फोटो नंतरचा असणार, इम्फाळचा जपानी वेढा तर 1944 च्या जूनमध्येच उठला होता. आणि वाईट वाटून घेऊ नका, पण पाटीही बदला. आपल्या वायुदलाला 'रॉयल' मार्च 1945 मध्ये मिळालं. 1944 मध्ये नुसतं इंडियन एअर फोर्स.

ओला पेपर: डिकल नखाने काढू नका. आधी 1500 नंबरचा ओला पेपर हलक्या हाताने फिरवून फक्त वरचं वार्निश मोडा. मग डिकल मऊ करायचं द्रावण ब्रशने लावा आणि पाचेक मिनिटं थांबा. त्यावर साधी चिकटपट्टी दाबून, पंखाला जवळजवळ समांतर ठेवून, सावकाश मागे ओढा. वर खेचली की रंग आलाच म्हणून समजा. थोडा येईलच, त्याला इलाज नाही. तसंही ब्रह्मदेशातले गोल बरेच लहान असायचे, 16 इंची. म्हणजे 1/72 मध्ये साडेपाच मिमीच्या आसपास. तुमच्या पंखावरचा जुना गोल दीड सेंटिमीटरहून मोठा असणार, नव्या गोलाखाली त्याचा डाग झाकणार नाही. तेवढा भाग पुन्हा रंगवायची मनाची तयारी ठेवा. दुधाळपणा दमट हवेमुळे आलाय. ऊन पडेल त्या दुपारी त्यावर पातळ ग्लॉसचा हात द्या, बहुतेक जाईल. मॅट सगळ्यात शेवटी, तेही पाऊस थांबल्यावर.

पंचवाला: गोलांसाठी कुठून काही मागवू नका. ऑफिसातल्या पंचिंग मशीनचं भोक साडेपाच-सहा मिमीचं असतं! मास्किंग टेप काचेवर चिकटवा, उचलून बटर पेपरवर लावा आणि पंच करा. भोक पडलेला तुकडा हाच तुमचा साचा. आतला ठिपका बाहेरच्या गोलाच्या साधारण दोन-पंचमांश, म्हणजे सव्वादोन मिमी. तो चामड्याचे पट्टे शिवणाऱ्याकडच्या सगळ्यात बारीक पंचने निघतो, मी दहा रुपयांत पन्नास पाडून आणले होते. आधी फिकट निळा मारा, वाळल्यावर मध्यभागी छोटी टिकली चिकटवा, वरून गडद निळा. टिकली उचलली की झालं. फिकटासाठी वेगळी बाटली नको, त्याच गडद निळ्यात पांढरा घालत जा, चार-पाच पट लागेल. शेपटीच्या उभ्या पंखावरच्या झेंड्यात, म्हणजे रंगीत पट्ट्यांच्या चौकोनात, फिकट पुढे, गडद मागे.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. डाव्या पंखावरचा वरचा गोल काल निघाला. नाण्याएवढा हिरवा रंग सोबत आला आणि त्याखाली किटचं करडं प्लास्टिक उघडं पडलंय. बाकीचे पाच गोल आणि शेपटीचे दोन झेंडे आज रात्री. पंचिंग मशीन ऑफिसातून घरी आणलंय, सोमवारी परत नेईन.

पाटीचं काकांना सांगितलं. ते म्हणाले, 'रॉयल'वर चिकटपट्टी लाव, नाहीतरी ती तुझ्याकडे भरपूर आहे.

ओला पेपर, एक राहिलंच. उघड्या प्लास्टिकची कड रंगाच्या थराशी सपाट करायला 2000 चा पेपर पुरेल, की आधी प्रायमर मारू?