देव मध्ये आला की प्रेमकथा पातळ होते का? ('लव्ह कम्स सॉफ्टली' मालिका)

घोडबंदरची_वाचक:
कॅनडाच्या जॅनेट ओक यांची ही आठ पुस्तकांची मालिका. पहिलं पुस्तक १९७९चं. अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांची लाट इथूनच उसळली असं मानतात. वाशीच्या मैत्रिणीकडून संच आणला आणि सध्या ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये एकामागून एक वाचतेय.

गोष्ट अशी. नवऱ्याबरोबर जुन्या अमेरिकेत नव्या वस्तीसाठी पश्चिमेकडे निघालेली मार्टी वाटेतच विधवा होते, तीही पोटुशी असताना. दफनाच्याच दिवशी क्लार्क नावाचा विधुर तिला लग्नाचं विचारतो. त्याच्या लहानग्या मुलीला आई हवी आहे. वसंतात घोडागाड्यांचा तांडा पूर्वेकडे परत जाईल तेव्हा जायचं असेल तर भाडं मी भरीन, असा शब्द तो देतो.

यातला संसार मला फार आवडला. मार्टीला स्वयंपाक येत नाही, म्हणून प्रत्येक जेवणाला पॅनकेक. क्लार्क मुकाट खातो. शेजारची मा ग्रॅहम येऊन तिला एकेक पदार्थ सांगते. तो कुठेही घाई करत नाही, तिच्या दुःखाला हात लावत नाही. प्रेम असं कामाकामातून उगवताना क्वचित वाचायला मिळतं.

पण मार्टीचं मन देवाकडे वळलं की कथेतला ताणच निघून जातो. तिचा राग, 'माझ्याच वाट्याला हे का' हा प्रश्न, सगळं विरघळतं. मला तो प्रश्न अजून हवा होता. पुढच्या भागांतही प्रत्येक पेच प्रार्थनेपाशी येऊन सुटतो. पुस्तकं सोडवत नाहीत आणि पुरती पटतही नाहीत. इतर वाचकांना काय वाटतं?

कोलशेतकर:
मला पहिलं प्रकरणच पटलं नाही. हातात पैसा नाही, पोटात मूल, हिवाळा तोंडावर. अशा बाईने 'हो' म्हणणं याला संमती म्हणायचं का? क्लार्क सज्जन निघाला हे तिचं नशीब. तो तसा निघाला नसता तर? लेखिका त्या शक्यतेकडे बघतच नाही. आपल्याकडे बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिलं. तेही ख्रिस्ती लेखकाचं, त्यातही धर्मप्रचार आहे, पण विधवेची कोंडी, समाजाने तिचं काय केलं, हे त्यांनी उघड मांडलं. इथे सगळं गोड करून वाढलंय.

पाचूबंदर:
मी मूळची वसईची, आता नेरुळला. घोडबंदरताई, तुम्हाला देव कथेत मध्येच आल्यासारखा वाटतो. पण क्लार्क जेवणाआधी करतो ती प्रार्थना आमच्या घरात ताटाइतकीच रोजची. तिन्हीसांजेला दिवा लावणारी बाई मराठी कादंबरीत आली तर कोणी 'प्रचार' म्हणत नाही. माझ्या आजीच्या घरी कोणी वारलं की संध्याकाळी शेजारपाजारचे जमून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचे. त्याने दुःख विरघळत नसे, पण माणूस एकटं पडत नसे. मार्टीचं मला तसंच वाटतं.

तरी एक सांगते. ही पुस्तकं अमेरिकन प्रोटेस्टंट वळणाची आहेत. मारियामाउली नाही, संत नाहीत, गावचा सण नाही. त्यामुळे आम्हा कॅथलिकांनाही ती अर्धी परकीच.

घोडबंदरची_वाचक:
पाचूबंदरताई, दिव्याचा मुद्दा मान्य. प्रार्थनेला माझी हरकत नाहीच. हरकत आहे ती मार्टीचं देवाशी असलेलं भांडण लवकर मिटण्याला. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आठवा. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कोसळल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांना स्वतःला उमगलं, मग त्या आपल्या पायांनी त्या वाटेवर आल्या. नवऱ्यावरचं प्रेम आणि नवऱ्यावरचा संताप एकाच पानावर आहेत, म्हणून त्यांच्या श्रद्धेवर माझा विश्वास बसतो. मार्टीला लेखिकेने तेवढं झगडू दिलं नाही.

पाचूबंदर:
ते आत्मचरित्र आहे हो! ही प्रेमकादंबरी. शेवट सुखाचा होणार हे कबूल करूनच वाचक पुस्तक उघडतो. आणि चौथ्या भागात क्लार्कचा पाय कापावा लागतो, ते वाचलंत का? श्रद्धावंताला देवाने वाचवलं असं लेखिका दाखवत नाही. पाय जातो तो जातोच. माझ्या आईने आजारी वडिलांच्या उशाशी बसून ही पुस्तकं वाचली. तिला तेव्हा झगडणारी नायिका नको होती, टिकून राहणारी हवी होती.

कोलशेतकर:
आईंना आधार मिळाला याबद्दल आदरच आहे. पण आधार देणारं पुस्तक आणि चांगली कादंबरी या दोन वेगळ्या गोष्टी. पाय गेल्यावरही त्या घरात कोणी देवावर मनापासून चिडलेलं मला जाणवलं नाही.

ऐरोलीची_आई:
मी २००३चा सिनेमा पाहिलाय. त्यात क्लार्कची मुलगी इतकी लहान नाही, चांगली मोठी आणि फटकळ आहे. तिच्यात आणि मार्टीत खटके उडतात, त्यामुळे घर खरं वाटतं. माझी लेक दहावीत आहे, तिला पुस्तकं द्यावीत का?

घोडबंदरची_वाचक:
जरूर द्या. पुरुषाने वाट बघणं म्हणजे काय ते क्लार्ककडून कळेल. फक्त दफनाच्या दिवसाच्या त्या लग्नाबद्दल तिच्याशी बोला. मार्टीला दुसरी वाट कोणती होती, हे विचारा.

पाचूबंदर:
आधी तिला वाचू तर द्या. प्रश्न तिचे तिला पडू देत. ताई, पाचव्या भागापर्यंत आलात की इथेच लिहा, मी परत भांडायला येते.